पारा, पालाश आणि गिटार : प्रश्नमंजुषेविषयी वाचकांच्या शंका

गणेशोत्सवातील स्पर्धा आणि त्यापाठोपाठ येणारी शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांमुळे या सदराकडे येणारी पत्रे दर वर्षी याच सुमारास वाढतात. यंदा जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख दोन विषयांकडे आहे : रासायनिक मूलद्रव्ये आणि रॉक संगीताचा इतिहास. पहिला विषय शिक्षकांच्या आवडीचा आणि दुसरा महाविद्यालयीन तरुणांच्या, त्यामुळे एकाच स्पर्धेत या दोन फेऱ्या शेजारी-शेजारी येतात आणि वादही दोन्हीकडे सारखेच होतात. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आंतरशालेय स्पर्धेत ‘द्रवरूप मूलद्रव्ये किती?’ असा प्रश्न होता. आमच्या विद्यार्थिनीने ‘पाच’ असे उत्तर दिले आणि परीक्षकांनी ते चूक ठरवून ‘दोन’ हे उत्तर बरोबर धरले. तिचे म्हणणे असे की, आपल्या गावात मे महिन्यात पाचच असतात. तिची समजूत कशी घालावी? (एक शिक्षिका, भुसावळ)

उत्तर : समजूत परीक्षकांची घालावी लागेल, कारण मुलीचे उत्तर विचारपूर्वक दिलेले आहे. पाठ्यपुस्तकात पारा आणि ब्रोमीन ही दोनच नावे असतात, ती २५ अंश सेल्सिअस हे तापमान गृहीत धरून. प्रश्नात तापमानाचा उल्लेख नसेल, तर उत्तर देणाऱ्याने कोणते तापमान धरावे, हे कोणी सांगायचे? पाऱ्याचा द्रवणांक उणे ३८.८ अंश आणि ब्रोमीनचा उणे ७.२ अंश आहे, त्यामुळे ही दोन मूलद्रव्ये आपल्याकडे बाराही महिने द्रवरूपच राहतात. मात्र सीझियम २८.४ अंशांना वितळते, गॅलियम २९.८ अंशांना आणि रुबिडियम ३९.३ अंशांना. भुसावळचे मे महिन्यातील दुपारचे तापमान सावलीतही ४५ अंशांच्या आसपास जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या दुपारी ही तिन्ही मूलद्रव्ये द्रवरूप असणार आणि एकूण संख्या पाच होणार. इतकेच नव्हे, तर पाण्याखाली साठवला जाणारा पांढरा फॉस्फरस ४४.१ अंशांना वितळतो, म्हणजे कडक उन्हाळ्याच्या दिवशी तोही या यादीत येऊन बसतो. काडेपेटीच्या कडेला लावलेला तांबडा फॉस्फरस मात्र या तापमानाला दाद देत नाही, म्हणून सहावे नाव सांगणाऱ्याने ‘पांढरा’ हे विशेषण विसरू नये. फ्रान्सियमचे नावही काही जण घेतात, परंतु त्याचा डोळ्यांना दिसेल एवढा साठा आजवर कोणी जमवू शकलेले नाही. त्याचा द्रवणांक हा केवळ अंदाज आहे आणि अंदाजावर गुण देऊ नयेत.

गॅलियमविषयी थोडे अधिक लिहितो, कारण प्रश्नकर्त्यांनी त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८७१ मध्ये आपल्या आवर्तसारणीतील अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घरासाठी एका मूलद्रव्याचे भाकीत केले आणि त्याला ‘एका-अ‍ॅल्युमिनियम’ असे तात्पुरते नाव दिले. १८७५ मध्ये लकॉक द बुआबोद्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते सापडले. त्याने मोजलेली घनता ४.७ होती. मूलद्रव्याचा नमुना कधीही न पाहिलेल्या मेंडेलीव्हने ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे असे कळवले आणि शुद्ध नमुन्याची मोजणी पुन्हा केल्यावर ती तशीच निघाली. तळहातावर ठेवलेला गॅलियमचा खडा काही मिनिटांत कडेने चकाकू लागतो, मग मध्येच खचतो आणि बोटांच्या फटींत उतरतो. एकदा वितळलेला गॅलियम द्रवणांकाच्या खाली आला तरी पुष्कळ वेळ द्रवच राहतो आणि गोठताना पाण्यासारखा प्रसरण पावतो. प्रयोगशाळेत दाखवायचा झाल्यास तो अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, कारण त्या धातूत शिरून तो त्याला ठिसूळ करतो. पुढच्या वर्षी हाच प्रश्न ‘२५ अंश सेल्सिअसला द्रवरूप असणारी मूलद्रव्ये कोणती?’ असा विचारावा, आणि त्याला जोडूनच ‘४० अंशांना कोणती?’ असा दुसरा प्रश्न ठेवावा. खानदेशातील मुलांना दुसराच अधिक आवडेल.

प्रश्न : ‘जगातील पहिले रॉक अँड रोल गाणे कोणते?’ या प्रश्नावर आमच्या मंडळाच्या स्पर्धेत तीन संघांनी तीन उत्तरे दिली आणि तिघांनीही मोबाइलवर पुरावे दाखवले. निर्णय कसा करावा? (मंडळाचे एक कार्यकर्ते, चोपडा)

उत्तर : निर्णय करू नये, प्रश्न रद्द करावा. संगीताचा एखादा प्रकार अमुक दिवशी अमुक खोलीत जन्मला, असे सहसा होत नाही, आणि रॉक अँड रोलच्या बाबतीत तर मुळीच झालेले नाही. कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज, चर्चमधील गॉस्पेल आणि दक्षिणेकडील गोऱ्यांचे कंट्री संगीत हे प्रवाह दुसऱ्या महायुद्धानंतर एकमेकांत मिसळत गेले. आपल्या तिन्ही संघांची उत्तरे पत्रात दिलेली आहेत आणि तिघांच्याही बाजूने काही ना काही बोलता येते.

पहिल्या संघाने ‘रॉकेट ८८’ हे नाव दिले. ते मार्च १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. तबकडीवर जॅकी ब्रेन्स्टन यांचे नाव छापले गेले, पण वाद्यवृंद प्रत्यक्षात आयक टर्नर यांचा होता. वाटेत अ‍ॅम्प्लिफायर खराब झाला, त्यात कागद कोंबून काम भागवले आणि त्यातूनच तो घोगरा गिटारनाद उमटला, अशी हकिगत सांगितली जाते. दुसऱ्या संघाचे उत्तर एल्व्हिस प्रेस्ली यांचे ‘दॅट्स ऑल राइट’ हे होते. ते ५ जुलै १९५४ रोजी त्याच सॅम फिलिप्स यांच्याकडे ध्वनिमुद्रित झाले, परंतु मुळात ते आर्थर क्रुडप या ब्लूज गायकाचे १९४० च्या दशकातील गाणे आहे, त्यामुळे ‘पहिले’ हा शब्द येथे लंगडा पडतो. तिसऱ्या संघाने बिल हेली यांच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’चे नाव घेतले. ते १२ एप्रिल १९५४ रोजी ध्वनिमुद्रित झाले, प्रथम फारसे चालले नाही, पुढच्या वर्षी एका चित्रपटात वापरले गेल्यावर मात्र गाजले आणि जुलै १९५५ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीतविषयक नियतकालिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. चौथा संघ असता, तर त्याने फॅट्स डॉमिनो यांचे १९४९ च्या डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘द फॅट मॅन’ पुढे केले असते आणि तोही अगदीच चुकला नसता.

आता प्रश्न थोडा बदलून पाहा. ‘बिलबोर्डच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले रॉक अँड रोल गाणे कोणते?’ असे विचारले, तर उत्तर एकच राहते आणि मोबाइल खिशात जातात. याच धर्तीचा एक सापळा वुडस्टॉक या अमेरिकेतील रॉक संगीत महोत्सवाच्या प्रश्नात असतो. ‘वुडस्टॉक महोत्सव कोणत्या गावी झाला?’ असे विचारले की निम्मे संघ ‘वुडस्टॉक’ म्हणतात. तो भरला न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे, मॅक्स यास्गर यांच्या दुग्धशाळेच्या शेतावर, आणि वुडस्टॉक हे गाव तेथून साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे. हा सापळा मला मान्य आहे, कारण जाणणाऱ्याला तो ओलांडता येतो. ‘महोत्सव कोणत्या तारखांना झाला?’ हा मात्र मला मान्य नाही. जाहिरात १५ ते १७ ऑगस्ट १९६९ या तीन दिवसांची होती, कार्यक्रम लांबत गेले आणि जिमी हेंड्रिक्स यांचे वादन १८ तारखेच्या सोमवारी सकाळी झाले. मराठी श्रोत्यांपुढे विचारण्याजोगा प्रश्न हवा असेल, तर पहिल्या रात्री पावसात सतार कोणी वाजवली, हे विचारावे. ती पंडित रविशंकर यांनी वाजवली आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते.

प्रश्न : मी केळी उत्पादक आहे. गावातील प्रश्नमंजुषेत ‘कोणते फळ किरणोत्सारी आहे?’ असे विचारून ‘केळे’ हे उत्तर बरोबर धरले गेले. त्या दिवसापासून पोरेसोरे आमची चेष्टा करतात. हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर आम्ही टाकतो त्या खतामुळे असे होते काय? (एक शेतकरी, रावेर)

उत्तर : वाक्य खरे आहे आणि प्रश्न वाईट आहे. केळ्यात पोटॅशियम असते, एका मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे ०.४ ग्रॅम. निसर्गात पोटॅशियम जेथे जेथे सापडते, तेथे त्याच्या दर दहा हजार अणूंमागे एखादा अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्यामुळे एका केळ्यात दर सेकंदाला साधारण तेरा-चौदा अणूंचे विघटन होते. आकडा ऐकून दचकू नये. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्यात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणूंचे विघटन होत असते. चेष्टा करणारी पोरे स्वतःच आपल्या केळीच्या घडाइतकी किंवा त्याहून अधिक किरणोत्सारी आहेत, असे त्यांना खुशाल सांगावे. शिवाय शरीर पोटॅशियमचे प्रमाण ठरावीक ठेवते, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे केळी खाऊन हा आकडा चढत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना केळी बेताने खाण्यास सांगतात, ते पोटॅशियममुळे, किरणोत्सारामुळे नव्हे.

प्रश्न वाईट म्हणण्याचे कारण असे की, त्याला एकच एक उत्तर नाही. बटाट्यात वजनाच्या मानाने केळ्याइतकेच पोटॅशियम असते. नारळपाणी, दूध, डाळी, सगळ्यांत ते आहे. हिवाळ्यात आपण ज्या वांग्यांचे भरीत करतो, त्यांतही आहे, केळ्यापेक्षा थोडे कमी इतकेच. ‘केळे’ हे उत्तर तेवढे प्रसिद्ध झाले आणि प्रश्नकर्त्याने ते उचलले. त्याऐवजी ‘हवेत सुमारे एक टक्का असलेला आर्गॉन वायू मुख्यतः कोणत्या मूलद्रव्याच्या विघटनातून आला?’ असे विचारावे. उत्तर पोटॅशियम. पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षांचा आहे, आणि पृथ्वीच्या पोटात त्याचे विघटन होऊन तयार झालेला आर्गॉन कोट्यवधी वर्षे वातावरणात साचत आला आहे.

आता खताविषयी. केळीला पालाश, म्हणजे पोटॅशियमचे खत, भरपूर लागते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. पालाश दिल्याने केळे ‘किरणोत्सारी होते’ असे नाही. वनस्पतीला पोटॅशियमखेरीज जगताच येत नाही, ते जमिनीतून मिळो वा गोणीतून, त्यातील पोटॅशियम-४० चे प्रमाण तेच राहते. गोणीच्या बाबतीत मात्र एक उत्तम प्रश्न दडलेला आहे. १०:२६:२६ या मिश्रखताची ५० किलोची गोणी घ्या आणि विचारा, हिच्यात मूलद्रव्यरूपाने नत्र, स्फुरद आणि पालाश किती? बहुतेक जण ५, १३ आणि १३ किलो म्हणतील. नत्र ५ किलो हे बरोबर आहे. मात्र स्फुरद व पालाश यांचे आकडे जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या ऑक्साइडच्या हिशेबाने छापले जातात. १३ किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस सुमारे ५.७ किलो भरतो आणि १३ किलो पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियम सुमारे १०.८ किलो. गंमत अशी की, गोणीत यांपैकी कोणताही ऑक्साइड त्या रूपात नसतो. मोजण्याची ती एक पद्धत आहे, एवढेच. रावेर-यावलच्या स्पर्धेत हा प्रश्न घातला, तर पोरांपेक्षा त्यांचे वडील अधिक चुरशीने उत्तर देतील.

प्रश्न : एखाद्या रॉक गायकाचे नाव मूलद्रव्याला दिलेले आहे काय? आमच्या महाविद्यालयातील एका मुलाने ‘लेमियम’ असे उत्तर ठामपणे दिले. (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : दिलेले नाही, परंतु त्या मुलाने ते नाव हवेतून काढलेले नाही. मोटरहेड या हेवी मेटल वाद्यवृंदाचे गायक लेमी किल्मिस्टर यांचे २८ डिसेंबर २०१५ रोजी निधन झाले. दोनच दिवसांनी, ३० डिसेंबरला, रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ११३, ११५, ११७ आणि ११८ या अणुअंकांच्या चार नव्या मूलद्रव्यांच्या शोधांना मान्यता जाहीर केली. हा योगायोग चाहत्यांनी हेरला आणि नव्या जड धातूंपैकी एकाला ‘लेमियम’ नाव द्यावे, अशी ऑनलाइन याचिका काढली. तिच्यावर दीड लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. नियम मात्र आडवे आले. मूलद्रव्याचे नाव पौराणिक कल्पनेवरून, खनिजावरून, स्थळावरून, त्याच्या गुणधर्मावरून किंवा शास्त्रज्ञावरून ठेवता येते. या पाच वाटांपैकी एकही गायकाकडे जात नाही. २८ नोव्हेंबर २०१६ रोजी निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगानेसॉन ही नावे कायम झाली. ओगानेसॉनचे नाव युरी ओगानेसियन या हयात शास्त्रज्ञावरून ठेवले गेले, हाही चांगला उपप्रश्न होतो.

आपल्याच पत्रात ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्याविषयीही विचारले आहे. ‘मर्क्युरी’ हे त्यांनी स्वतः घेतलेले आडनाव आहे, मूळ नाव फारोख बलसारा. पाऱ्याचे मूलद्रव्य त्यांच्या कितीतरी शतके आधीचे, त्यामुळे कोणाचे नाव कोणाला, हा वाद उद्भवतच नाही. त्यांच्यावर प्रश्न घालायचाच असेल, तर महाराष्ट्राशी असलेला संबंध विचारावा. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेल्या या पारशी मुलाचे शालेय शिक्षण पाचगणी येथील सेंट पीटर्स शाळेत झाले आणि त्याचा पहिला वाद्यवृंद, ‘द हेक्टिक्स’, तेथेच उभा राहिला.

प्रश्न : ‘हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला’ हे आम्ही वर्षानुवर्षे प्रश्नमंजुषेत विचारत आलो आहोत. यंदा एका पालकांनी हरकत घेतली. आपले मत काय? (एक निवृत्त मुख्याध्यापक, जळगाव)

उत्तर : पालकांची हरकत योग्य आहे. हा प्रश्न महाराष्ट्रात फार प्रिय आहे आणि म्हणूनच तो नीट उलगडून सांगितला पाहिजे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन हे त्या वेळी आंध्रातील गुंटूर येथे होते. सूर्यबिंबाच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट त्यांनी पाहिला. त्यातील रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतील असे त्यांना वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्यादेखील. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या ग्रहणाच्या वेळी इंग्लंडात होते. त्यांनीही ग्रहणावाचून हीच किमया स्वतंत्रपणे साधली, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडातूनच. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या दोन प्रसिद्ध पिवळ्या रेषांच्या जवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी. ही रेषा पृथ्वीवर तोवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असावी, असे लॉकयर यांनी मानले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी मार्च १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजातून तोच वायू काढून दाखवला, तेव्हा या मूलद्रव्यावरील उरलासुरला अविश्वास संपला.

मग विजयदुर्ग कोठून आला? तो आला १८९८ च्या जानेवारीत. त्या महिन्याच्या २२ तारखेला आणखी एक खग्रास ग्रहण महाराष्ट्रातून दिसले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकन आणि पुण्याच्या वेधशाळेचे निरीक्षक थांबले होते आणि विजयदुर्गावर लॉकयर स्वतः आपला ताफा घेऊन उतरले होते. किल्ल्यावर आजही दाखवला जाणारा ‘साहेबाचा कट्टा’ याच मुक्कामाशी जोडला जातो. म्हणजे किल्ला खरा, साहेब खरा, ग्रहणही खरे, फक्त साल तीस वर्षे मागे सरकवले गेले आणि १८६८ चे यश १८९८ च्या कट्ट्यावर येऊन बसले. लॉकयर त्या कट्ट्यावर उभे राहिले, तोवर हेलियम प्रयोगशाळेच्या नळीत येऊन तीन वर्षे होत आली होती. आपण हा प्रश्न टाकून देऊ नये. ‘हेलियमशी नाव जोडलेल्या कोणत्या शास्त्रज्ञाने १८९८ चे सूर्यग्रहण विजयदुर्गावरून पाहिले?’ असा तो विचारावा. किल्ल्याचा मान राहतो आणि गुंटूरचाही जात नाही.

प्रश्न : आवर्तसारणीतील कोणत्याही संज्ञेत नसलेले इंग्रजी अक्षर कोणते? माझ्या जुन्या पुस्तकात ‘जे’ हे एकच उत्तर आहे. (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : पुस्तक जुने आहे, हेच त्याचे कारण. ११४ व्या मूलद्रव्याला पक्के नाव मिळेपर्यंत त्याची तात्पुरती संज्ञा ‘यूयूक्यू’ अशी होती, त्यामुळे ‘क्यू’ हे अक्षर सारणीत दिसत असे. मे २०१२ मध्ये त्याचे नाव फ्लेरोव्हियम असे ठरले आणि ‘क्यू’ नाहीसे झाले. आज ‘जे’ आणि ‘क्यू’ ही दोन्ही अक्षरे सारणीत नाहीत. मेंडेलीव्हच्या १८६९ च्या सारणीत तर ‘जे’ होते, आयोडीनसाठी. तेव्हा या प्रश्नाला ‘सध्याच्या’ हा शब्द जोडावा.

प्रश्न : दोन स्वतंत्र फेऱ्या घेण्याऐवजी मूलद्रव्ये आणि रॉक संगीत यांना जोडणारी एकच फेरी घेण्याचा आमचा विचार आहे. केवळ गाण्यांच्या नावांतील धातू विचारणे पोरकट वाटते. काही सुचवाल काय? (एक प्राध्यापिका, शहादा)

उत्तर : नावांतील धातू विचारणे पोरकट आहे, याच्याशी मी सहमत आहे. निर्व्हाना या वाद्यवृंदाच्या १९९१ च्या एका गाण्याचे नाव ‘लिथियम’ आहे, हे माहीत असल्याने ना लिथियम कळते, ना निर्व्हाना. खरा संबंध वाद्यांच्या पोटात आहे.

इलेक्ट्रिक गिटार घ्या. तारांच्या खाली चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विद्युतप्रवाह उमटतो. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. त्या चुंबकाला ‘अल्निको’ म्हणतात आणि त्याच्या नावातच अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट ही तीन मूलद्रव्ये आहेत. चौथे, सर्वांत जास्त असलेले, लोखंड नावात नाही. ‘नावात नसलेले चौथे मूलद्रव्य कोणते?’ हा प्रश्न विचार करणाऱ्याला सुटतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर अशी गिटार मुकी का होते, हाही सुटण्यासारखा प्रश्न आहे. बाजारात आलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारींपैकी १९३२ ची रिकनबॅकर ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती आणि तिच्या आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत.

दुसरे मूलद्रव्य जर्मेनियम. मेंडेलीव्हच्या भाकितांपैकी हे तिसरे खरे ठरलेले, १८८६ मध्ये सापडलेले. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यातील गिटारचा फाटका, भुणभुणता नाद मेस्ट्रो कंपनीच्या फझ-टोन या पायाने दाबायच्या पेटीतून आला आणि त्या पेटीत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेने बिथरतो. तापमान वाढले की त्यातून नको असलेला प्रवाह गळू लागतो आणि नाद बदलतो. पुढे सिलिकॉन आले, ते याबाबतीत पुष्कळ स्थिर आहे. ‘मे महिन्यात शहाद्याला खुल्या मंचावर वाजवायचे असेल, तर जर्मेनियमची पेटी घ्याल की सिलिकॉनची आणि का?’ असा प्रश्न मी स्वतः विचारीन.

तिसरा प्रश्न चित्रावरून विचारता येईल. लेड झेपेलिन या वाद्यवृंदाच्या जानेवारी १९६९ मध्ये आलेल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर जळणारे हिंडेनबर्ग हे वायू भरून तरंगणारे हवाई जहाज आहे. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे ते पेटले आणि ३६ माणसे दगावली. चित्र दाखवून ‘जहाजात कोणता वायू भरलेला होता आणि कोणता भरायचे मूळ नियोजन होते?’ असे विचारावे. उत्तर अनुक्रमे हायड्रोजन आणि हेलियम. हेलियम तेव्हा अमेरिकेच्या हाती होते आणि ते परदेशी जाऊ न देण्याचे तिचे धोरण होते.

प्रश्न : ‘सर्वांत जड धातू कोणता?’ या प्रश्नावर सराफी व्यवसायातील माझे मामा ‘सोने’ म्हणतात, शाळेत ‘शिसे’ सांगितले होते आणि स्पर्धेत ‘युरेनियम’ बरोबर धरले. (एक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : शाळेचे उत्तर कोणत्याही हिशेबाने टिकत नाही. शिशाची घनता ११.३ आहे आणि सोन्याची १९.३, म्हणजे एकाच आकाराच्या दोन लगडी घेतल्या तर सोन्याची लगड शिशाच्या पावणेदोन पटींहून थोडी कमी भरेल. शिसे पाऱ्यावर तरंगते, सोने बुडते. मामांचे उत्तर दुकानापुरते ठीक आहे, कारण जळगावच्या सराफ बाजारात रोज हाताळल्या जाणाऱ्या धातूंत सोनेच जड ठरते, अपवाद फक्त प्लॅटिनमचा, ज्याची घनता २१.४ च्या आसपास आहे. सोन्याच्या लगडीत भेसळ करणारे टंगस्टन वापरतात, तेही घनतेमुळेच. त्याची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की, नुसते वजन व आकारमान पाहून फसवणूक ओळखणे कठीण जाते. स्पर्धेत दिलेले ‘युरेनियम’ हे उत्तर निसर्गात लक्षणीय प्रमाणात आढळणाऱ्या मूलद्रव्यांपैकी सर्वाधिक अणुवस्तुमान कोणाचे, या प्रश्नाचे आहे. त्याची घनता सोन्यापेक्षा थोडी कमीच भरते. घनतेच्या हिशेबाने उत्तर ऑस्मियम, २२.५९, आणि त्याच्या पाठोपाठ अगदी निसटता दुसरा इरिडियम, २२.५६. ‘जड’ हा शब्द काढून ‘सर्वाधिक घनतेचा धातू’ असे विचारावे आणि उत्तर ऑस्मियम धरावे.